कायदा मोडण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सभेवरचा मनाई आदेश मोडायचा असं तुमच्या गटात जवळजवळ ठरलंय आणि तुला एकच प्रश्न छळतोय: आदेशच अन्यायी असेल तर त्याची शिक्षा निमूट का भोगायची? त्याकडे मी येतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न तुझ्या पत्रात नाही. तुम्ही नेमकं काय मोडणार आहात?

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक प्याले, तेव्हा कायदा मोडला गेलाच नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं होतं. मोडली ती रूढी. त्याच वर्षी डिसेंबरात लोक पुन्हा जमले, पण तोवर विरोधकांनी तळं खासगी मालकीचं असल्याचा दावा लावून न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला. मनुस्मृतीचं दहन झालं, तळ्याच्या पाण्याला मात्र कोणी हात लावला नाही. दावा लढला गेला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

आता याच्याशेजारी अमेरिकेतलं बर्मिंगहॅम ठेव. एप्रिल १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमोरही निदर्शनांवर न्यायालयाचा मनाई हुकूम होता. त्यांनी तो मोडला, अटक करवून घेतली आणि तुरुंगातून ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. आदल्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरात असाच एक हुकूम पाळल्यावर चळवळीचा जोर ओसरलेला त्यांनी पाहिला होता. तिथे असे हुकूम लोकांना थकवण्यासाठीच मागितले जात. मात्र हुकूम मोडणं फुकटात पडलं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि किंग पुन्हा तुरुंगात गेले.

एकाने हुकूम पाळला, एकाने मोडला. मला दोघांचंही पटतं. महाडला कायद्याचं बळ आपल्या बाजूला होतं. ते हातचं घालवण्यात शहाणपण नव्हतं, मग निकालाला दहा वर्षं का लागेनात. बर्मिंगहॅमला न्यायालयाची वाट धरणं म्हणजे चळवळ हातानेच मोडणं झालं असतं. तुमच्यापुढचा आदेश यातल्या कुठल्या जातीचा आहे, हे ठरवायला घोषणा कामाच्या नाहीत. आदेश नीट वाचा, वकिलाला दाखवा, दाद मागून पाहा. किंग यांनी त्याच पत्रात क्रम सांगितला आहे: आधी वस्तुस्थिती गोळा करायची, मग वाटाघाटी, मग स्वतःची तयारी आणि शेवटी प्रत्यक्ष कृती. तुमच्या गटाने थेट चौथ्या पायरीवर उडी घेतली आहे असं मला तुझ्या पत्रावरून दिसतं, आणि त्याची मला काळजी वाटते.

तुझ्या गटात कोणीतरी २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढेल. सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं बाबासाहेबच म्हणाले होते. हा आक्षेप झटकून टाकू नकोस. मार्ग खुला आहे की नुसता कागदावर खुला आहे, हे तुला पुराव्यानिशी सांगता यायला हवं.

आता शिक्षेबद्दल. शिक्षा पत्करण्याने कायदा न्याय्य ठरत नाही. १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी राजद्रोहाचा गुन्हा सरळ कबूल केला आणि न्यायाधीशांना सुचवलं की कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, नसेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या. सहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्या दिवशी उत्तर देण्याची पाळी राज्यावर आली होती. रात्री तोंड लपवून आदेश मोडणाऱ्याला हे साधत नाही. तो फक्त निसटतो, आणि बघणाऱ्याला तो चोरापेक्षा वेगळा दिसत नाही. अन्यायी शिक्षेपासून पळणं नैतिकदृष्ट्या चूक नाही असं मानणारे विचारवंत आहेत, आणि जिवाचा धोका असेल तिथे मीही तेच म्हणेन. तुमच्या बाबतीत तसं नाही. तुम्हाला अजून न पटलेल्या माणसांना पटवायचं आहे.

म्हणूनच बरोबर कोण येणार हे आधी बघ. कोणाच्या घरी एकटी कमावती व्यक्ती तीच आहे, कोणाला खटला परवडणार नाही, हे प्रत्येकाशी वेगळं बोलून विचार. गटात बसून विचारलंस तर भिडेपोटी सगळे हो म्हणतील. ज्यांना जमणार नाही त्यांना दुसरं काम दे.

आणि मिठाचा कायदा मोडण्याआधी गांधींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून काय करणार ते कळवलं होतं. तसं पत्र तुम्हीही लिहा: मागणी काय, कधीपर्यंत उत्तर हवं, नाही आलं तर कोण, कुठे, काय करणार. मसुदा झाला की आधी मला पाठव.

तुझा,
सर