वळवणच्या महाशीरांची मोजदाद

लोणावळ्याच्या वळवण जलाशयातील महाशीर या गोड्या पाण्यातील माशांचा अभ्यास हाती घेताना, परवानगी मिळताच आधी मत्स्यबीज सोडल्याच्या नोंदी मागवा. तेथील टाटा पॉवरच्या केंद्रात महाशीराची पिल्ले तयार केली जातात, त्यामुळे हाती आलेला मासा जलाशयातच उपजला की बाहेरून सोडला गेला, हे कळल्याशिवाय पुढील आकडेमोड व्यर्थ आहे.

पहिल्या फेरीत ६० मासे खूण करून सोडले आणि दुसऱ्या फेरीतील ८० पैकी ६ खुणेचे निघाले, तर एकूण संख्येचा अंदाज (६० × ८० ÷ ६) ८०० येतो. मात्र हे गणित मधल्या काळात मासे आत-बाहेर झाले नाहीत, असे धरून चालते. महाशीर पावसाळ्यात विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढत असल्याने दोन्ही फेऱ्या पावसाळ्यानंतर, थोड्या अंतराने घ्याव्यात.

कल्ल्यात अडकवणारे जाळे शक्यतो टाळा, त्यात मासा गुदमरतो. टोकाला उलटा काटा नसलेला गळ बरा. मासा ओल्या हातांनी, पाण्यातच धरून वय ठरवण्यासाठी पाठीच्या पराखालचे तीन-चार खवले काढून पाकिटात ठेवावेत आणि पाकिटावर माशाची लांबी तिथल्या तिथे लिहावी. खवल्यावरील प्रत्येक वलय म्हणजे एक वर्ष, असे आपल्या उष्ण पाण्यात बिनदिक्कत मानू नये. गळ टाकून रिकाम्या हाताने परतलेले तासही वहीत नोंदवा; बहुतेक नवखे नेमके तेच गाळतात.