प्राइम व्हिडिओची वर्गणी भरली, तरी चॅनलचे पैसे दर महिन्याला वेगळे का कापतात?

भाऊ, प्राइमच्या वर्गणीत ॲड-ऑन चॅनल येतच नाहीत. लायन्सगेट प्लेसारखी चॅनलं दुसऱ्या कंपन्यांची, म्हणून प्रत्येकाचे पैसे निराळे. तालुक्याला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे, अशी तक्रार घेऊन पोरं नेहमी येतात. बहुतेकदा फुकट चाचणीचे दिवस संपलेले असतात आणि बापाच्या खात्यावरचा ऑटोपे चालूच असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना यावी लागते, पण 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी मागत नाहीत. कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवसांत बँकेचे इतके मेसेज येतात की हा एक वाचायचा राहून जातो. आधी प्राइमच्या खात्यात जाऊन ते चॅनल रद्द करा, मग यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'त मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, उरलं का तेही पाहा. नुसतं ॲप फोनमधून काढलं तर पैसे कापणं थांबत नाही, हे घरी नक्की सांगा. मात्र भाड्यानं घेतलेल्या सिनेमाचं तसं नाही: पैसे एकदाच जातात, साधारण 30 दिवसांत तो सुरू करायचा आणि सुरू केल्यावर बहुधा 48 तासांत संपवायचा.