घरच्यांना न दुखावता सकस खाण्याकडे कसं वळवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा माणसं, सकाळी चहा-बिस्किट, डब्यात चपाती आणि बटाटा, संध्याकाळी फरसाण, त्यात वडिलांची साखर वाढलेली. काही बोलायला गेलं की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. मग भांडण न होता हे बदलायचं कसं, आणि येत्या सोमवारपासून सगळं एकदम बदललं तर चालेल का?

सोमवारचं आधी सांगतो. नका करू. मी करून बसलोय.

आमचं घर मूळचं बार्शीकडचं, आता बरीच वर्षं पुण्यात. आई, आप्पा, मी, बायको, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. तीन वर्षांपूर्वी आप्पांचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट 6.3 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, खाणं आणि चालणं सुधारा. मला तेवढंच हवं होतं. रविवारी जाऊन ओट्स, किनोआ, ब्राऊन राइस असं हजार-दीड हजाराचं सामान आणलं, बिस्किटांचे पुडे कामाच्या मावशींना देऊन टाकले आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना बसवून भाषण ठोकलं. (आपल्या मुलांनी खाऊ नयेत ती बिस्किटं मावशींच्या मुलांनी खाल्ली तर चालतात, हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही.)

आप्पांनी ओट्सचा उपमा दोन घास खाल्ला, ताटाला हात जोडले आणि फिरून येतो म्हणून बाहेर पडले. ते वडापावच्या गाडीवर दिसले, ही बातमी संध्याकाळी धाकट्याने आणली. आई दिवसभर गप्प होती. रात्री ओटा पुसता पुसता म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं मी तुम्हाला इष घालत होते व्हय रे?"

यावर काय बोलणार? मी जेवणाबद्दल बोलत होतो आणि तिला ते तिच्या हयातभराच्या कष्टांबद्दल ऐकू येत होतं. आणि तिचं काही चुकत नव्हतं.

बायकोने मात्र मुद्द्याचं विचारलं. "पालेभाजी चांगली, कडधान्य चांगलं, कोशिंबीर चांगली. सगळं मान्य. निवडणार कोण?"

तुमच्या प्रश्नात मला हीच गोष्ट कुठे दिसली नाही, म्हणून जरा रेंगाळून सांगतो. आपल्याकडचं सकस खाणं महाग नसतं, ते वेळखाऊ असतं. मेथीच्या दोन जुड्या निवडायला मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता पंचवीस मिनिटं लागतात. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मोड यायला थंडीत दीड दिवस धरायचा. बटाट्याची काचरी दहा मिनिटांत होते आणि नूडल्स त्याहून लवकर. घरात पाकिटं येतात ती बायकांना पोषणातलं कळत नाही म्हणून नव्हे. सकाळी सात वाजता चार डबे भरायचे असतात म्हणून येतात. ज्याला बदल हवाय त्याने फक्त बोलायचं आणि राबायचं दुसऱ्याने, असं असेल तर घर बधत नाही, आणि बधूही नये.

मग मी बोलणं बंद केलं आणि निवडणं सुरू केलं. रोज रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर पेपर पसरून उद्याची भाजी निवडायला बसतो. पहिले आठ दिवस आई नुसती बघत होती. नवव्या दिवशी खाली बसली आणि माझ्या हातातली काडी काढून घेत म्हणाली, "कोवळं देठ टाकू नको, त्यातच चव असती." त्यानंतर मी तिला सांगणं सोडलं आणि विचारायला लागलो. करडईची भाजी कशी करायची? अंबाडीत कण्या कधी घालतात? चाकवताला ताक किती? उत्तरं देता देता तिने एकेक भाजी करायलाच घेतली. पुण्यात आल्यापासून तिने तांदुळजा केला नव्हता. का, तर नातवंडं खाणार नाहीत असं तिने आपलं धरून ठेवलं होतं.

दुसरं म्हणजे मोजून बघा, पण कुणाला ऐकवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यात दिवसाच्या 2000 कॅलरींच्या आहारात भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम धरली आहेत. सहा माणसांना म्हणजे रोज जवळजवळ अडीच किलो भाजी! आमच्याकडे कांदा-टोमॅटो धरून जेमतेम एक किलो लागत होती. आपल्याकडे भाजीला 'तोंडी लावणं' म्हणतात ते उगीच नाही. चार चपात्यांना ती खरोखर तोंडी लावण्यापुरतीच असते. अडीच किलोवर आम्ही आजही पोचलेलो नाही, पावणेदोनपर्यंत आलोय. चपात्या कमी करा असं कुणाला सांगितलं नाही. भाजीची वाटी मोठी केली, एक पातळ आणि एक कोरडी करायला लागलो, तशी शेवटची चपाती आपोआप डब्यात उरायला लागली.

साखरेचंही तसंच. महिन्याला सहा किलो साखर यायची. सहा माणसं, तीस दिवस: माणशी रोज 33 ग्रॅम. बिस्किटं, जॅम, बाहेरचं सगळं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, आणि तिच्या हिशोबात बिस्किटातली साखरही येते. मी फक्त साखरेच्या डब्यातला चमचा बदलला. मोठा काढून लहान ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन महिन्यांनी पाहुण्यांकडे चहा प्यायल्यावर आप्पा म्हणाले, "लई पाक केला होता." आता साडेतीन किलोत महिना निघतो. गूळ घालून फसवू नका मात्र. गूळ चवीला कितीही छान असला तरी रक्तात तो साखरच होतो.

आता भाकरी. तुमच्या वडिलांसारखेच आप्पाही चपातीवर अडून बसले होते. सोलापूर जिल्ह्यातला माणूस, ज्वारीच्या कोठारात जन्मलेला, आणि भाकरी नको म्हणतो, याचं मला नवल वाटायचं. एकदा लाइट गेले होते तेव्हा आपणहून बोलले. 1972 च्या दुष्काळात ते ऐन तरुण होते, खडी फोडायला जायचे. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटायचे. तेव्हा गव्हाची चपाती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. "पोरं रोज चपाती खात्यात," असं ते गावात अभिमानाने सांगायचे म्हणे. आणि मी त्यांना भाकरीतल्या तंतूंचे फायदे सांगत होतो! त्यांच्या लेखी मी त्यांना परत दुष्काळात ढकलत होतो.

त्यानंतर मी त्यांना भाकरी खा म्हटलं नाही. स्वतः थापायला शिकलो आणि स्वतःच्या ताटात घेतली. भाकरी कसली, नकाशा. उचलली की तुटायची, कडा चिरायच्या. आप्पा चार दिवस कडेने बघत होते. पाचव्या दिवशी राहवलं नाही. "पीठ कधीचं हाय?" पुडीवरची तारीख दीड महिन्यापूर्वीची होती. "इरी गेली त्याची. ह्याची भाकरी ब्रह्मदेव आला तरी व्हायची न्हाई."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला ताण येत नाही. ताजं पीठ, त्यात उकळतं पाणी, कलथ्याने कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. मग कुठे ते एकजीव होतं. थापताना परातीत पीठ भुरभुरायचं, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. हे सगळं आईच्या हातात होतं, पण माझ्यामागे उभं राहून शिकवलं ते आप्पांनी, आयुष्यात एकही भाकरी न थापता. पुढच्या आठवड्यात त्यांनी गावाकडून मालदांडी मागवली. आता दर रविवारी दोन किलो ज्वारी घेऊन ते स्वतः गिरणीत जातात, गव्हावर दळू नको म्हणून गिरणीवाल्याशी वाद घालतात, आणि तव्यावरची गरम भाकरी शेंगांच्या चटणीबरोबर खातात. पथ्य म्हणून नाही, गावची ज्वारी आहे म्हणून.

एक खुलासा करतो, कारण हल्ली भरड धान्यांची फार आरती चालते. ज्वारीत तंतू चांगले आहेत, पण भाकरी हीसुद्धा पिष्टमय पदार्थच. आमटीचा थेंब न घेता चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. आप्पांचा रिपोर्ट वर्षाने 5.9 आला त्यात भाकरीचा वाटा किती, भाजी-उसळीचा किती आणि रोजच्या चाळीस मिनिटांच्या चालण्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही. तुमच्या वडिलांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चपाती-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि ते जास्त धोक्याचं.

मुलांचं त्यामानाने सोपं गेलं. संध्याकाळी साडेसहाला ती खेळून भुकेजलेली येतात, तेव्हा टेबलावर काही न बोलता ताटली ठेवायची: काकडी, गाजर, उकडलेल्या शेंगा, पेरू असेल तर तिखट-मीठ लावून. घ्या म्हणायचं नाही. मघाचंच ताट रात्री नऊला दिलं तर कुत्रंही विचारणार नाही, पण साडेसहाला दहा मिनिटांत रिकामं होतं. (कापायला त्या वेळी घरी कुणीतरी लागतं, हे पुन्हा आलंच. मी नसतो तेव्हा आप्पा कापतात, फार जाड कापतात.) भाजीच्या बाबतीत "खाणार का?" असं विचारायचं नाही, "मेथी की पालक?" असं विचारायचं. नको म्हणाला तर ताटात एक चमचा वाढून विषय सोडायचा. धाकट्याने शेपू बहुधा दहा-बारा वेळा तसाच ठेवला, मग एकदा मूगडाळ घातलेला खाल्ला. आवडतो असं अजूनही कबूल करत नाही.

मुलीला मी पाकिटावरचं वाचायला शिकवलं. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यांत जास्त ते पहिलं. तिने दुकानातच 'मल्टिग्रेन' लिहिलेला बिस्किटांचा पुडा उलटा केला. पहिला मैदा, मग तेल आणि साखर, नाचणी पार शेवटी, चिमूटभर. तेव्हापासून ती सगळ्यांच्या पिशव्या तपासते. मी हेच सांगितलं असतं तर प्रवचन झालं असतं.

काही गोष्टींना मी हात लावलेला नाही. रविवारचं मटण, होळीची पुरणपोळी, मे महिन्यातला आमरस, दिवाळीचा फराळ. आईच्या एकादशीच्या साबुदाणा खिचडीवर एकदा बोलून पाहिलं होतं, भगर आणि राजगिरा सुचवला. तिने अशी काही नजर टाकली की एकादशी-दुप्पट-खाशी ही म्हण तोंडातच राहिली. घरात जे रोज शिजतं ते सुधारलं तर महिन्यातले हे चार-पाच दिवस काही बिघडवत नाहीत, असं मी धरून चालतो.

वडिलांना चहात बुडवायला बिस्किट लागतंच, त्याचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला माझ्याकडेही उपाय नाही. तो डबा आमच्या घरात अजून आहे. फक्त तो आता वरच्या फळीवर असतो आणि आप्पांचे गुडघे दुखतात, त्यामुळे नातवाला स्टुलावर चढवावं लागतं. नातू दर खेपेला एक बिस्किट दलाली घेतो.