आमदार म्हणतात, 'फाशी? तो विषय दिल्लीचा!'

प्रश्न : फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून आम्ही सात-आठ जण आमच्या आमदारांकडे निवेदन घेऊन गेलो. 'सर, हा केंद्राचा विषय, आमच्या हातात काय?' असं म्हणून त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. खरंच राज्याच्या हातात काही नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, आमदारांनी अर्धंच सांगितलं. खुनाची शिक्षा ठरवणारी भारतीय न्याय संहिता संसदेची, हे खरं. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. 1999चा मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, तर आपल्याच विधिमंडळाने केला. संघटित गुन्ह्यात कुणाचा जीव गेला तर त्यात फाशीची तरतूद आहे. 2021च्या डिसेंबरात बलात्काराला फाशी सांगणारं शक्ती विधेयकही दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, ते सोडा. फाशी वाढवताना 'विषय दिल्लीचा' हे कुणाला आठवलं नाही!

त्रिपुरा विधानसभेने ऑगस्ट 2015मध्ये खुनासाठीची फाशी काढावी, असा ठराव एकमताने करून केंद्राला कळवला. ठरावाने कायदा बदलत नाही, पण विधानसभेचं मत नोंदवलं जातं.

आता माझं. मी सरकारी वकील होतो. एका खटल्यात फाशी मागितली आणि ती मिळालीही. पुढे उच्च न्यायालयाने जन्मठेप केली, तेव्हा मी चिडलो होतो. वर दोन न्यायालयं आहेत, चूक झाली तर कुठेतरी अडेलच, या भरवशावर मी उभा होतो. तो भरवसा मोडला तो नाशिकजवळच्या 2003च्या हत्याकांडाने. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाने 2009मध्ये ती पुसून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे खटला वर गेला आणि फास आवळला! मग 5 मार्च 2019ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून भलतीच चार माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं तुरुंगात, आणि भरपाई प्रत्येकी पाच लाख.

'तुमच्या घरातलं कुणी मारलं असतं तर?' हे आमदार विचारतीलच. माझ्याकडे त्याचं गुळगुळीत उत्तर नाही. पण नाशिकच्या त्या हत्याकांडात माणसं गमावलेल्या कुटुंबाला सोळा वर्षांनी काय मिळालं, हे त्यांना उलट विचारा. खरे मारेकरी कोण, याचा शोध कधीच मागे पडला होता.

पुन्हा जाल तेव्हा निवेदनात 'माणुसकी' कमी, मागण्या नेमक्या लिहा. 'मकोकातली फाशी काढणारं अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं) विधेयक मांडा, आणि त्रिपुरासारखा ठराव आणा.' अशासकीय कामकाज शुक्रवारी असतं, त्याआधी बऱ्याच दिवसांची सूचना लागते. म्हणून अधिवेशनाच्या तोंडावर नका जाऊ. आणि या खेपेला चहाबरोबर निवेदनाची पोचही मागून घ्या, आवक क्रमांकासकट.