मुलांना पटवून देणारं लेखन शिकवण्यासाठी गोष्टीतल्या पात्रावर खटला भरण्याचा उपयोग होतो का?

तुमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाचवी-सहावीतली सहा मुलं आहेत, निबंधात ती 'मला असं वाटतं' एवढं लिहून थांबतात, आणि गोष्टीतल्या पात्रावर लुटुपुटूचा खटला चालवला तर ती मुद्देसूद लिहायला लागतील का, असं तुम्ही विचारलंय. लागतात. मी पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि पावसाळ्यात वर्गात असा खटला चालवते. मात्र त्याचं नुसतं नाटक बसवलंत तर मुलांना मजा येईल, लेखन होतं तिथेच राहील. खरं काम खटल्याच्या आधी आणि नंतर कागदावर होतं.

'मोबाईल शाप की वरदान' यावर मूल चांगलं लिहीत नाही, कारण त्याला उलट उत्तर देणारं समोर कुणी नसतं. दोन्ही बाजूंचे मुद्दे गाइडमधून पाठ असतात आणि शेवटी 'अति तेथे माती' लिहिलं की सुटका. खटल्यात समोरच्या बाकावरची मैत्रीण तुमचं वाक्य वाचून त्यातली फट शोधणार असते. हे कळलं की मुलं आपणहून पुरावा हुडकायला लागतात.

आरोपी म्हणून मी चिमणीला उभं करते. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, पण प्रत्येक घरची थोडी वेगळी. कुणाच्या गोष्टीत कावळा शेवटी तव्यावर बसून भाजतो, कुणाच्या नाही. त्यामुळे आधी एकच पाठ ठरवा, तो कागदावर घ्या आणि ओळींना क्रमांक द्या. त्या कागदात नाही ते कोर्टात नाही. साक्षीदाराने मनाचं काही घातलं की खटला तिथेच संपतो, म्हणून हा नियम जराही सैल सोडू नका.

आरोप नेमका लिहा. 'चिमणी वाईट वागली' यावर वाद घालता येत नाही. माझं आरोपपत्र असं असतं: 'कावळा पावसात भिजतो आहे हे माहीत असताना चिमणीने दार उघडायला जाणूनबुजून उशीर केला.' यातले 'माहीत असताना' आणि 'जाणूनबुजून' हे शब्द सगळा खटला पेलतात. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. मूल स्वतः कावळ्याच्या बाजूचं असेल आणि चिठ्ठी बचाव पक्षाची निघाली, तर ते जास्त शिकतं.

मग लेखन. प्रत्येक मुद्द्याचे तीन भाग मागते: माझं म्हणणं, ओळ क्रमांकासह पुरावा, आणि या पुराव्यावरून ते म्हणणं कसं ठरतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी 1958 मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिचं हे मुलांपुरतं रूप. पहिले दोन भाग सगळ्यांना जमतात, तिसऱ्याला मुलं अडतात. 'चिमणी दुष्ट आहे, कारण तिने दार उघडलं नाही' इथपासून सुरुवात होते. मी विचारते, 'म्हणून दुष्ट कशी?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकल्यावर वाक्य असं येतं: 'चिमणी तीन वेळा थांब म्हणते आणि दर वेळी नवं कारण देते. खरंच काम अडलं असतं तर तिने किती वेळ लागेल ते सांगितलं असतं.'

आता हा कागद बचाव पक्षाला वाचायला द्या. ही पायरी गाळू नका. आमच्या वर्गात उत्तर आलं होतं: 'आधी अंघोळ, मग अंग पुसणं, मग तीट लावणं. ही तीन कारणं नाहीत, एकाच कामाच्या पायऱ्या आहेत. ओल्या बाळाला तसंच ठेवून दार उघडलं असतं तर गार वारा आत आला असता.' आणि एका मुलीने लिहिलं की कावळा फक्त 'दार उघड' म्हणतो, घर वाहून गेल्याचं आमच्या पाठात तो सांगतच नाही, मग चिमणीला कळणार कसं? इतकी वर्षं ही गोष्ट सांगूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. यानंतर फिर्यादी पक्षाने युक्तिवाद पुन्हा लिहायचा आणि त्यात 'बचाव पक्ष म्हणेल की' असा एक परिच्छेद हवाच.

सुनावणीला अर्धा तास पुरे. एक गोष्ट तेवढी सांभाळा: आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. 'कावळेदादा, तुम्ही भिजला होतात ना?' हे समोरच्या वकिलाने घेतलेल्या उलटतपासणीत चालेल, सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, 'तुम्ही दारात आलात तेव्हा काय झालं?' असं विचारायचं.

अशा खटल्यांच्या परदेशी नमुन्यांत ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, असते. आपल्याकडे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती ठेवली नाही, न्यायाधीश कारणं देऊन निकाल लिहितात, आणि शिकवण्यासाठी तेच उत्तम आहे. हात वर करून मतदान घेतलं तर लाडका वकील जिंकतो.

पुण्यातले पालक हमखास सुचवतात, नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवर खटला भरा, शनिवारवाडा जवळच आहे, न्यायाधीश रामशास्त्रीही होऊन गेले. मोह होतो, पण लहान मुलांसाठी नको. नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला, तो खरा इतिहास आहे. त्याचे पुरावे एका कागदावर मावत नाहीत आणि मुलं ऐकीव मतंच लिहितात. नववी-दहावीत, कागदपत्रं हाताशी घेऊन, जरूर करा.

तुमच्या सहा जणांत दोन फिर्यादीचे वकील, दोन बचावाचे, दोन न्यायाधीश ठेवा. कावळा आणि चिमणी मोठ्यांनी व्हावं. दोन्ही न्यायाधीशांनी वेगवेगळं निकालपत्र लिहायचं, हरलेल्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता आणि तो का पुरेसा ठरला नाही, हे त्यात आलंच पाहिजे. निकाल वेगळे आले तर ते दोन्ही मोठ्याने वाचा. पुढच्या रविवारी चिठ्ठ्या पुन्हा टाका, म्हणजे वकिलांनाही निकालपत्र लिहायला मिळेल.