मुरमाच्या खड्ड्यात पुन्हा पऱ्हाटी (कापूस) होईल का?

प्रश्न : रस्त्याच्या कामासाठी शेतातला एकरभर तुकडा मुरमाला दिला होता. आता तिथं 12 फूट खोल, उभ्या कडांचा चौकोनी खड्डा आहे. वरची काढलेली काळी माती, अंदाजे 250 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), बाजूला ढीग करून ठेवली आहे. एका अंगाला शेजाऱ्याचा धुरा (बांध) खड्ड्याला अगदी लागून आहे. खड्डा भरून पऱ्हाटी घेता येईल का? – एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भरायचं डोक्यातून काढा. एका एकरावर फूटभर थर द्यायला 435 ब्रास लागतात. 12 फुटांना सव्वापाच हजार. दोन ब्रासच्या टिप्परच्या 2,600 खेपा! खड्डा राहू द्या, तळ कसायला घ्या.

आधी कडा. एक फूट उंचीला तीन फूट लांबी असा उतार काढा. वरची कड 18 फूट मागे कापली आणि तोच मुरूम खाली 18 फुटांवर पसरला की हिशोब जुळतो, बाहेरून काही आणावं लागत नाही. कापण्याआधी त्या 18 फुटांच्या पट्ट्यातली काळी माती वेगळी काढा, उतारावर तीच पसरायची आहे. खरी अडचण धुऱ्याच्या अंगाला आहे. तिथं मागे सरकायला जागा नाही, म्हणून तेवढाच उतार नुसत्या भरावानं करायचा तर चौपट मुरूम लागतो. त्या बाजूला एकास दोन उतार ठेवा, 300 ब्रासमध्ये भागेल. उभी मात्र सोडू नका. पावसात कड ढासळली की धुरा खाली येतो आणि भांडण वर.

उतार काढल्यावर तळ उरतो 26–27 गुंठे. सखल कोपऱ्यातले सात गुंठे शेततळ्याला द्या. खड्ड्यात शिरलेल्या पाण्याला दुसरी वाट नाही. त्यातून निघणारा मुरूम धुऱ्याकडे लावा. मुरमात पाणी थांबत नाही, पाणी साठवायचं तर 500 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरावंच लागेल. राहिलेल्या वीस गुंठ्यांवर तुमची 250 ब्रास माती 14 इंच बसते.

पण माती टाकायची घाई करू नका. टिप्परच्या चाकांनी तळ दगडासारखा दाबलेला असतो. त्यावर तशीच माती पसरली की पाणी सांध्यावर तुंबतं आणि पीक पिवळं पडतं. आधी रिपरनं (जमीन खोल फोडणाऱ्या दात्यानं) दोन फूट खोल, उताराला आडवं फोडा. हे सगळं मेअखेर आटोपा. ओल्या काळ्या मातीवर यंत्र फिरवलं तर फोडलेलं पुन्हा दाबलं जातं. गाळ आणणार असाल तर खारेपणा तपासून घ्या, खारपाणपट्ट्यातला तर तपासल्याशिवाय नकोच.

पहिली दोन वर्षं पऱ्हाटी नको. पहिल्या पावसावर एकरी 20 किलो ढेंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलावर येताच गाडा. उतारावर गवत आणि कडुनिंब, करंज, सीताफळ.

गाडण्याआधी ढेंच्याची चार-पाच झाडं कुदळीनं खणून काढा. मूळ सरळ मुरमात उतरलं असेल तर काम जमलं. चौदा इंचांवर ते आडवं वळलेलं दिसलं, तर रिपर वरवर फिरलाय. पुढच्या उन्हाळ्यात तेवढा पट्टा पुन्हा फोडा.