'मला बीपी आहे' यात चूक काय?

विचारणा अशी आली: 'रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसाला असतो. मग "मला बीपी आहे" हे वाक्य चूक नाही का? आणि वरचं बीपी, खालचं बीपी म्हणजे नेमकं कुठलं?'

वाक्य चूक नाही, उलट अस्सल मराठी वळणाचं आहे. नुसत्या गुणाचं नाव घ्यायचं आणि त्यात बिघाड झाल्याचं सुचवायचं, ही आपल्या बोलण्याची रीत. 'दुधाला वास येतोय' म्हटलं की ते नासलं. 'त्यांचं वय झालं' म्हणजे ते थकले; वय काय, तान्ह्या बाळालाही असतं. 'ताप' म्हणजे मुळात उष्णता, ती अंगात कायमच असते, तरी 'मला ताप आहे' ऐकून कुणी अडत नाही. 'शुगर आहे' त्याच रांगेतलं. लिंगाचं म्हणाल तर 'रक्तदाब वाढला', पण 'बीपी वाढलं'. इकडे कोल्हापुरात माझ्या कानावर हेच येतं.

वरच्या-खालच्याचा शरीराच्या भागांशी संबंध नाही. आमच्या गल्लीत वरचं बीपी म्हणजे डोक्यातलं असं समजणारे आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. आकडे एकावर एक लिहितात, जसे १२०/८०, म्हणून ती नावं पडली. दंडाचा पट्टा फुगवला की धमनी दाबली जाते, रक्त थांबतं. मग हवा सावकाश सोडत कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. पहिली ठकठक सुरू होते तो वरचा आकडा, हृदय आकसून रक्त ढकलतं तेव्हाचा. आवाज पुरता विरतो तो खालचा, दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल असतं तेव्हाचा. पट्ट्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांची, १८९६ची. हे आवाज ओळखले रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी, १९०५ मध्ये. १२० म्हणजे पाऱ्याचा १२ सेंटिमीटर उंच स्तंभ पेलेल इतका दाब. नव्या यंत्रांत पारा उरला नाही, माप मात्र त्याचंच राहिलं.

मला काळजी वाटते ती 'बीपी नाही' या उलट्या वाक्याची. मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्तीचं बीपी १६०/१०० निघालं होतं. महिनाभर गोळी घेतल्यावर १२८/८२ आलं. 'गेलं बघ माझं बीपी,' म्हणत तिनं गोळी बंद केली. कुठं दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दीड महिन्यानं सहज पट्टा बांधला तर आकडा १७०च्या पुढं. वाक्य तिनं तापाच्या साच्यातलं उचललं होतं. ताप उतरला की गेला. बीपी बहुतेकांचं गोळीमुळं खाली राहतं, गोळी सुटली की परत चढतं. म्हणून 'बीपी आहे' खुशाल म्हणा, पण 'नाही'च्या जागी 'आटोक्यात आहे' म्हणा. आत्तीला आता विचारलं की ती सांगते, 'गोळीवर १३० हाय.'